गाडी सरळ उभी होती

तू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी भाऊंनी भंगारवाल्याला फोन केला. मी स्वयंपाकघरात होते. रस्त्याकडच्या ज्या खोलीत दुकान मांडून तू विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचास, तिथून आपल्या थोरल्या भावाचा आवाज येत होता. "हो, वरून फायबरची हाये, खालून लोखंड. टेम्पो घेऊनच या." मी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि बाहेर आले.

म्हटलं, "भाऊ, गाडी जात नाही."

"काहून?"

"जात नाही म्हणजे जात नाही."

दादा, बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी भाऊंना पहिल्यांदा असं उत्तर दिलं. मला वाटलं, ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. फोन खिशात घालून तुझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "शोभे, त्या डब्ब्यानं आपल्या वसंताचा जीव घेतला. मले पाहवत नाही ते."

त्यांचे डोळे भरलेले पाहून मी तेव्हा पुढं काही बोलले नाही. ते न बोललेलं आता लिहितेय. तुला सांगतेय, पण साऱ्या दिग्रसनं ऐकलं तरी चालेल. त्या गाडीनं तुझा जीव घेतलेला नाही.

लोक काय काय बोलले ते तुला सांगायलाच हवं. "आत हवा नाही, कोंडून मेला." "काचेत बसून उकडून मेला." डिसेंबरची सकाळ होती. तुझ्या अंगात मी विणलेला स्वेटर होता, आणि हे लोक म्हणतात उकडून मेला! मयतीला आलेल्या एका बाईनं तर माझ्या तोंडावर म्हटलं, "देवानं पाय दिले नाई तं मानसानं घरात बसावं, बाप्पा. असे नसते उद्योग कायले करावं?" मी तिला चहा दिला नाही. लहान गोष्ट आहे, पण मी दिला नाही.

खरं काय झालं ते मला कापूस वेचायला निघालेल्या एका बाईनं सांगितलं. दारव्हा मागं टाकून तू नेरच्या रस्त्याला लागला होतास. ती आणि तिच्यासोबतच्या तिघी जणी रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या. ती म्हणाली, "गाडी आमच्याजवळून गेली, मग हळू झाली. कडेले घेतली. खालून ते दोन लहान चाकं बाहीर आले. मग झाकण उघडलं. आम्हाले वाटलं, कोनी साहेब हाये, फोन करासाठी थांबला. जवळ गेलो तं मान खाली घालून बसेल. म्या हाक मारली, भाऊ, ओ भाऊ."

किल्ली बंद होती, दादा. आपले वेल्डिंगवाले रहीमभाई गाडी आणायला गेले तेव्हा त्यांनी सगळं पाहिलं. किल्ली बंद, न्यूट्रल, हातब्रेक ओढलेला, बगलेतली दोन्ही चाकं खाली. छातीत कळ आल्यावर माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. तू एकेक काम नीट केलंस. समोरून येणाऱ्या कुणाला तुझा धक्का लागला नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. चार जणी साक्षीदार आहेत की गाडी सरळ उभी होती आणि तू तिच्यात सरळ बसलेला होतास. तिनं जीव घेतला म्हणणाऱ्यांनी यातलं काय पाहिलं? कुणी सोबत नसताना तुझ्याजवळ जी उभी राहिली, तिला मी टेम्पोत घालून देऊ?

दोन वर्षांचा असताना पोलिओनं तुझे दोन्ही पाय गेले. माझ्या आठवणीत तू कायम कुबड्यांवरच आहेस. शाळेत जाताना माझ्या खांद्यावर दोन दप्तरं असायची, एक माझं, एक तुझं, आणि तरी तू माझ्यापुढं चालायचास. पुढं मोटार वाइंडिंगचं काम शिकलास, कारण ते बसून होतं आणि त्यात तुझ्या हातासारखा हात तालुक्यात नव्हता. कापसाच्या जिनिंग गिरण्यांच्या हंगामात मोटार जळली की मालक स्वतः तुला न्यायला यायचे.

भाऊंनी तुला जोडचाकांची स्कूटर आणून दिली ते आठवतं? मागं दोन्ही बाजूंना चाकं लावलेली. भाऊ यवतमाळहून स्वतः चालवत आले होते, पुढं हार घातलेला. तू एक चक्कर मारून आलास आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवलीस.

"काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"चांगली हाये भाऊ. पण वळणावर हे झुकत नाही."

"झुकायचं कायले तुले? पडशील ना!"

"मले झुकायचंच हाये."

भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. ती स्कूटर तू दहा वर्षं चालवलीस, कारण फिरायला दुसरं काही नव्हतं. पण आवडली असं एकदाही म्हणाला नाहीस. आज मला भाऊंचं वाईट वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं, तेव्हा मी तुझ्या बाजूनं होते. मी कायमच तुझ्या बाजूनं होते. त्यातल्या एका वेळेबद्दल पुढं लिहिते.

मग ती गाडी सापडली. एका जिनिंगमधली जळालेली मोटार उघडायला तू गेला होतास, आणि मागच्या शेडमध्ये, सरकीच्या पोत्यांपलीकडं, कापसाच्या धुळीनं पांढरं झालेलं काहीतरी लांबुळकं तुला दिसलं. मालकाच्या वडिलांनी हौसेनं परदेशातून जहाजानं आणवली होती. दोन चाकांची मोटारसायकल, पण वरून पूर्ण बंद. पुढं काच, वर झाकण, आत एकामागं एक दोन खुर्च्या, पट्टे, मोटारीसारखा डॅशबोर्ड. थांबताना पाय टेकवायचेच नाहीत. पोटाखालून दोन लहान चाकं उतरतात आणि तिला धरून ठेवतात. वेग घेतला की वर जातात, आणि गाडी साध्या मोटारसायकलसारखी वळणावर झुकते. अशा गाड्या देशात किती असतील कोण जाणे. दिग्रसमध्ये एक होती आणि वीस वर्षं कुणी तिच्यावरची धूळ झटकली नव्हती.

"घेऊन जा," मालक म्हणाले. "शेड तरी मोकळी होईल."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तू ती आणलीस तेव्हा गल्लीतली पोरं ओरडली, "लवकी आली, लवकी आली!" दिसायला होतीच ती दुधी भोपळ्यासारखी. तू इतका हसलास की कुबडी निसटली.

रहीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान तुझ्या दुकानाला लागून, म्हणून त्यांना पहिल्याच दिवशी ओढलंस. इंजिन जाम होतं. त्याचे भाग कुठं मिळणार? तू म्हणालास, आपलं देशी बसवू. रहीमभाई म्हणाले, "मास्टर, इसका ढांचा अलग, उसका अलग. बसनार नाई." दोन वर्षं तुम्ही दोघं भांडत होतात आणि शेवटी ते बसलं. पायाचा गिअर तू हातात आणलास, मागचा ब्रेक हातात आणलास. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, म्हणून छताला पांढरा रंग दिलास, कानशिलांच्या उंचीवर हवेसाठी जाळ्या कापल्यास, जळक्या टेबलफॅनच्या मोटारी नव्यानं भरून दोन पंखे लावलेस. कागदपत्रांसाठी तू तीन खेपा केल्यास. तपासणीचे साहेब गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "हे दुचाकीत धरू का चारचाकीत?" तू म्हणालास, "साहेब, आधी बसून पाहा." साहेब मागं बसले, सुटताना-थांबताना रहीमभाईंनी गाडी धरली, मैदानाला एक चक्कर झाली, आणि खाली उतरल्यावर ते बराच वेळ आपले केस नीट करत राहिले. पुढच्या खेपेला कागद झाला.

फक्त ती बगलेतली चाकं काही उतरत नव्हती. त्यांची लहानशी मोटार आतून पार जळाली होती आणि तिच्यासारखी तू आधी कधी पाहिली नव्हतीस. तू घाईत होतास. मग तू काय केलंस? मागच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, खाली, रहीमभाईंकडून दोन खिडक्या कापून घेतल्यास आणि मला म्हणालास, "शोभे, थांबलो की पाय बाहीर काढजो."

असं मी चार वर्षं केलं. मी शिकवते ती शाळा सुटली की घरी पर्स टाकायची आणि मागं बसायचं. तू वेग कमी करताना हात वर करायचास, मी खिडक्यांतून पाय काढून रस्त्यावर टेकवायची. साडी नेसून जमेना, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी मी पंजाबी ड्रेस घालायला लागले. शाळेत कुजबूज झाली, सासूबाई बोलल्या. माझा नवरा तेवढा म्हणाला, "जाय, फिरून ये."

आणि बाजारात आपण आडवे झालो ते! घाटंजीचा आठवडी बाजार, समोर एकदम बकरी आली, तू दाबलास ब्रेक, माझा डावा पाय चिखलात सरकला आणि अख्खी गाडी सावकाश, अगदी म्हशीसारखी, कुशीवर झोपली. आपल्याला काही झालं नाही, पट्टे होते. पण झाकण वरच्या बाजूला आणि आपण आत आडवे. बाहेर लोक धावले. कुणीतरी ओरडलं, "मेले बे, मेले!" आणि तू आतून काचेवर टकटक करून म्हणालास, "जित्ते आहोत, उचला." मला इतकं हसू आलं की श्वास पुरेना. आठ जणांनी गाडी उभी केली. बांगड्या विकणाऱ्या बाईनं माझा पाय धुऊन दिला. इतकी वर्षं शिकवतेय, पण कुठल्या सत्काराला मला इतकं बरं वाटलं नसेल.

मग एका रविवारी बगलेतल्या चाकांची ती जळकी मोटार तू जिंकलीस. आठ दिवस भिंग लावून एकेक वेढा मोजत तू ती नव्यानं भरलीस. बटण दाबलंस आणि दोन्ही चाकं खाली आली. पुन्हा दाबलंस, वर गेली. रहीमभाईंनी पेढे आणले. तू माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालास, "आता गाडीलेही कुबड्या आल्या. सुटली तू."

सगळे हसले. मीही हसले. घरी गेले आणि रडले.

दादा, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू एकटा जायला लागलास. आर्णी, पुसद, एकदा पार नांदेडच्या पुलापर्यंत. येताना माझ्यासाठी काहीतरी आणायचास, कधी सीताफळं, कधी नुसताच रस्त्याचा हालहवाल. मी कपाळाला आठ्या घालून ऐकायची. "एकट्यानं जात जाऊ नको," म्हणायची. "काही झालं तं?" तू चिडायचास. "तू भाऊसारखी बोलून राह्यली आता." ते लागायचं. तुला वाटत राहिलं की मला भीती वाटते. भीती नव्हती. तुला माझ्याशिवाय जाता येतं याचा मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झाला नाही. बहिणीनं असं वाटून घेऊ नये. मी वाटून घेतलं. तेवढ्या एका बाबतीत मी तुझ्या बाजूनं नव्हते.

शेवटचं भांडणही त्याचंच. नेरच्या कविताचा फोन तुला महिनाभर येत होता. तिशी ओलांडलेली, झेरॉक्सचं दुकान चालवणारी, तुझ्यासारखीच कुबड्यांवरची. कुणीतरी तुझ्या गाडीचा व्हिडिओ दाखवल्यावर तिनं नंबर शोधून काढला. तू फोनवर तिच्या हातांची मापं घेतलीस, खांद्यापासून मनगटापर्यंत, आणि वहीत उतरवलीस. मग म्हणालास, "परवा नेरले जातो. तिले बसवून पाह्यतो."

"मी रजा टाकते, सोबत येते."

"कायले? मागची सीट तिच्यासाठी लागन."

"मग मी घरीच मरते," मी म्हटलं. हे माझे शब्द, दादा. तू हसून हात हलवलास आणि दोन दिवसांनी पहाटे निघून गेलास. मी दारात आले नाही. जागी होते, इंजिनाचा आवाज ऐकला, तरी आले नाही.

याची माफी मी मागणार नाही. तू ऐकणार नाहीस आणि मागून मला हलकं वाटेल, ते मला नको आहे. राहू दे तसंच.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी वंदना करून गेले, जेवणं झाली, आणि भाऊंनी पुन्हा विषय काढला. सगळे नातेवाईक बसले होते. "ठेवून काय करता? कोन चालवनार हाये ते?"

"मी," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. भाऊ हसले नाहीत. "तुले स्कूटी येते, शोभे. हे तीन क्विंटलचं धूड हाये."

"शिकते."

"पडली तं?"

"पडली तं उचलनार लोक हायेत. आधीही उचललं त्यायनं."

रहीमभाई कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, मास्टर की गाडी है, भंगार में नाई जाएगी. मैं सिखाता ताई को." तेवढ्यानं बैठक मोडली. भाऊ यवतमाळच्या बसला बसले.

बाजार समितीच्या आवारात, कापसाच्या गाड्या रिकाम्या होऊन गेल्या की, आम्ही शिकायला लागलो. पहिल्या दिवशी तुझ्या सीटवर बसले आणि मला बसताच येईना. तुझ्या पाठीचा खड्डा त्या फोममध्ये तसाच आहे. रहीमभाईंनी विचारलं, गादी बदलू का? नको म्हटलं. हातातला गिअर अंगठ्यानं पाडायचा, हे तुला किती सोपं जायचं! माझा अंगठा सुजला. दोनदा बटण उशिरा दाबलं आणि दोनदा आडवी झाले. दुसऱ्यांदा हमाल मंडळी धावून आली, त्यातला एक म्हणाला, "बाई, वसंताभाऊ नाई पडत व्हते कधी." मी आतून म्हटलं, "पडत होते. मी होती ना संग."

शिकण्याच्या बाराव्या दिवशी मी आवाराच्या टोकाला वेगात वळले आणि गाडी झुकली. मागं बसून चार वर्षं मी झुकले होते, पण ते तुझं झुकणं होतं. पुढं बसल्यावर जमीन एका खांद्याकडून वर येते. तेव्हा मला ती जोडचाकांची स्कूटर आठवली, आणि भाऊंच्या हातात परत ठेवलेली किल्ली. तू बरोबर होतास. त्या वळणावर मी मोठ्यानं तसं म्हटलंही. रहीमभाईंना वाटलं, ब्रेक लागत नाही.

मागच्या शनिवारी मी नेरला गेले, मागच्या सीटवर रहीमभाई. त्याच रस्त्यानं. दारव्ह्याच्या पुढं ती जागा आली तेव्हा थांबायचं की नाही हे मी ठरवलं नव्हतं. थांबले नाही. तू तिथं काम पुरं केलं होतंस, माझं पुढं होतं.

कविता दुकानाच्या पायरीवर उभी होती. तुझ्या वर्णनावरून मला ती गरीब गाय वाटली होती. तसलं काही नाही. तिनं आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, "यातच गेले का ते?"

"हो."

"लोक म्हणतात, गाडीनं खाल्लं त्यायले."

"तुम्हाले काय वाटते?"

तिनं कुबड्या भिंतीला लावल्या, हातांवर भार देऊन स्वतःला उचललं आणि पुढच्या सीटवर बसली. दोन्ही हातांनी सगळं चाचपून पाहिलं. गिअर, ब्रेक, बटण. मग म्हणाली, "मले वाटते, गिअर एक बोट अलीकडं पायजे. माहा हात पुरत नाई."

तुझ्या वहीत ते माप होतं, दादा. एक बोट अलीकडं. तू आधीच लिहून ठेवलं होतंस. रहीमभाईंनी तिथल्याच एका गॅरेजात तासाभरात दांडा सरकवून दिला. मग शाळेच्या मैदानावर ती पुढं, मी मागं. पहिल्या चकरेत तिनं दात घट्ट आवळले होते. दुसरीत चाकं वर घेतली. तिसरीत वळणावर गाडी झुकली आणि ती किंचाळली. मला वाटलं, घाबरली. म्हटलं, "सोडा, हळू घ्या." ती म्हणाली, "गप्प बसा ना ताई, आणखी एक."

आणखी सात झाल्या.

दुसरी गाडी बनवायची की नाही, इंजिन कुठलं, सांगाडा कसा, याचं बोलणं चहावर झालं. तिला झाकण आवडलं नाही. "काच मोठी पायजे, बाजूनंही. मी चालवतानी दिसली पायजे." तुला हे पटलं नसतं. आत बसलं की कुणाला पाय दिसत नाहीत, हे तुला आवडायचं. तिचं तुझ्या उलट आहे. वाद घालायला तू नाहीस, आणि मी तिच्या बाजूनं आहे. काच मोठी होईल. पण त्याला वर्ष लागेल, दोनही लागतील. तोवर तिनं काय करायचं? मी रहीमभाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवून बिडी पेटवली. मी किल्ली कविताच्या हातात ठेवली.

कागद तिच्या नावावर होईपर्यंत मैदानाबाहेर काढायची नाही, असं तिच्याकडून वदवून घेतलं. ती ऐकेल असं मला वाटत नाही. तुझ्या वहीची झेरॉक्स तिनं आपल्याच मशीनवर काढली आणि मूळ वही मला परत दिली.

आम्ही दोघं बसनं परत आलो. दारव्ह्याला बस बदलताना भाऊंचा फोन आला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की दुकानापुढची जागा रिकामी आहे. आवाज जपून होता, आशा असल्यासारखा.

"शोभे, गेली का मंग गाडी? कुठं हाये ते?"

"नेरले हाये, भाऊ," मी म्हटलं. "चालून राह्यली."